सेवादौऱ्याचा शेवटचा दिवस: तोरणमाळ, प्रकाशा आणि त्यामागची कागदपत्रं

मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, सेवादौरा रविवारच्या उपासनेनं संपतो. मग फिरण्याचा दिवस आपोआप सोमवारी येतो, आणि सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात. खानदेशात दौरा ठरवणाऱ्या प्रत्येक मंडळीनं ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. आमच्या पहिल्याच बैठकीत जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी अजिंठाच होता. दौऱ्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

आम्ही अहिल्यानगरहून गेलो होतो. दौरा जानेवारी २०२५ मधला, नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी. वसतिगृहाच्या दोन खोल्यांची डागडुजी आणि रंगकाम, आरोग्य तपासणी शिबिर, संध्याकाळी मुलांसाठी गाणी आणि गोष्टी असं काम होतं. एकूण बावीस जण, त्यात कॉलेजची मुलं-मुली जास्त. सर्वांत ज्येष्ठ होत्या आमच्या निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळी मंडळी सिस्टर म्हणते. रविवारी २६ जानेवारी होती. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग उपासना, मग प्रीतिभोजन. सोमवार, २७ तारीख फिरण्यासाठी मोकळी ठेवली होती आणि त्या दिवसाची आखणी माझ्याकडे होती. कामाच्या दिवसांबद्दल बाकीचे लिहितील. मी या एका दिवसाबद्दलच लिहिते आहे, कारण ‘शेवटच्या दिवशी काय करायचं, कुठून सुरुवात करायची’ असं विचारणारे फोन मला येऊन गेले आहेत.

सुरुवात पैशापासून करायची. ऑक्टोबरच्या कमिटीत पहिला ठराव हाच घेतला की सेवेसाठी आलेल्या दानातला एक रुपयाही सहलीवर जाणार नाही. आमच्या मंडळीत महिन्याला पन्नास रुपये पाकिटात घालून त्यावर ‘सेवेकरिता’ असं लिहिणाऱ्या आज्या आहेत. त्यांचं पाकीट औषधांसाठी आणि रंगासाठी आहे. म्हणून शेवटच्या दिवसासाठी माणशी सातशे रुपये ज्याचे त्यानं द्यायचे ठरले. खजिनदारांनी त्याचं पावतीपुस्तकच वेगळं केलं. दोन विद्यार्थ्यांना सातशे जड जात होते. त्यांचे पैसे इतरांनी आपापसात भरले, कुणाचे ते फक्त खजिनदारांना माहीत. हे वेगळं पावतीपुस्तक पुढे फार कामाला आलं. परतल्यावर हिशेब वाचताना एकही प्रश्न आला नाही.

मग ठिकाण. अजिंठा बाद झाला तो फक्त सोमवारमुळे नाही, शहाद्याहून तो एका बाजूला दोनशे किलोमीटरच्या पुढे पडतो. (ज्यांचा दौरा जळगाव-भुसावळकडे आहे त्यांनी अजिंठा जरूर ठेवावा, पण शनिवारी. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावावी लागते आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं. भारतीयांना तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. चढायला पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांचा आधी विचार करा.) कुणी धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला सुचवला, कुणी चाळीसगावचं पाटणादेवी. दोन्ही सुंदर ठिकाणं आहेत, पण आमच्या गावापासून लांब. मी गावातल्या चर्चच्या पाळकसाहेबांना (पास्टरना) फोन केला. ते म्हणाले, ‘‘तुम्ही आमच्याकडे येता आणि आमचा डोंगर न बघता जाता? तोरणमाळ करा. खाली उतरलात की प्रकाशाला तापी बघा. सगळं एका दिवसात होतं.’’

त्यांनी आणखी एक सांगितलं आणि त्यानं सगळी आखणी बदलली. ‘‘आमच्यातलं कुणीतरी बरोबर घ्या.’’ तोवर आमच्या डोक्यात असं होतं की रविवारी निरोप घ्यायचा आणि सोमवारी आपण आपले फिरायचे. त्या फोननंतर मी पाच जागा गावासाठी राखल्या: पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि शिबिरात दुभाषाचं काम करणारे दोन तरुण. वसतिगृहाच्या मुलांनाही न्यावं असं आमच्या तरुणांना फार वाटत होतं. पण मुलं वसतिगृहाच्या ताब्यात असतात. प्रत्येकाच्या पालकांचं लेखी संमतीपत्र, अधीक्षकांची परवानगी, सोबत जबाबदार माणूस, एवढं सगळं लागतं आणि ते चार दिवसांत होत नाही. पालक डोंगरातल्या पाड्यांवर राहतात. म्हणून मुलांना नेलं नाही. कुणाला न्यायचं असेल तर संमतीपत्रं दोन महिने आधी पाठवा.

आता कागद. बाहेरगावची माणसं गावात मुक्कामाला येणार, शिबिर घेणार, तेव्हा स्थानिक पाळकसाहेबांच्या सल्ल्यानं आम्ही चार पत्रं तयार केली: ग्रामपंचायतीला, शाळेच्या मुख्याध्यापकांना, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला. सोबत सगळ्यांच्या नावांची यादी, आधारच्या झेरॉक्स, डॉक्टरांच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती आणि दिवसवार कार्यक्रम. त्या कार्यक्रमात २७ तारखेचं फिरणंही लिहिलं होतं, गाड्या कुठून कुठे जाणार तेही. पत्रं १८ नोव्हेंबरला दिली आणि पोच मिळाली ९ डिसेंबरला. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ज्यांच्या टेबलावर पत्र जायचं ते निवडणुकीच्या कामात. त्या तीन आठवड्यांत मला रात्री नीट झोप लागत नव्हती. बस ठरलेली, लोकांनी रजा टाकलेल्या, आणि हातात एकही शिक्का नाही. पाळकसाहेब स्वतः दोनदा जाऊन आले. शेवटी प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि आवक क्रमांक आला. नुसतं ‘पत्र दिलंय’ म्हणून थांबू नका. आवक क्रमांक असलेली प्रत हातात असली की पुढे कुणीही विचारलं तरी दाखवता येते. आम्हाला ती एकदा दाखवावी लागली, शिबिराच्या दिवशी, आणि दोन मिनिटांत काम झालं.

गाडीचं गणित असं की नगरहून आणलेली बस दिवसाला कमीत कमी तीनशे किलोमीटरच्या हिशेबानं भाडं लावते, उभी राहिली तरी. शिवाय ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. आमच्या ड्रायव्हरदादांनी मोठी बस तोरणमाळच्या घाटात नेणार नाही असं आधीच सांगितलं होतं आणि मला ते पटलं. आपला घाट नाही, वळणं माहीत नाहीत, मागे बावीस जीव. शहाद्यातल्या तीन क्रूझर जीप प्रत्येकी तीन हजार आठशे रुपयांत ठरवल्या. या भागात एका क्रूझरमध्ये बारा-तेरा माणसं सहज बसवतात. आम्ही नऊच बसवली, सत्तावीस माणसं, तीन गाड्या. ठरवताना गावातल्या माणसाला बोलू द्या आणि ‘चढ-उतार, प्रकाशा, थांबण्याचा वेळ सगळं धरून’ हे स्पष्ट बोलून घ्या.

दौऱ्यासाठी आम्ही मंडळीचं नाव छापलेले निळे टी-शर्ट केले होते. रविवारी रात्री पाळकसाहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की उद्या ते घालू नका. तोरणमाळला गोरक्षनाथांचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. प्रकाशाला तर लोक दक्षिण काशी म्हणतात. ‘‘तिथे पाहुणे म्हणून जा. पत्रकं नाहीत, गिटार नाही. तुम्ही परवा निघून जाल, आम्हाला इथंच राहायचंय.’’ आमच्यातल्या काही मुलांचे चेहरे पडले. मला मात्र ते बोलणं दौऱ्यात वाचलेल्या बायबलच्या सगळ्या वचनांइतकंच महत्त्वाचं वाटलं. कुठल्याही गावात चार दिवस राहणाऱ्यानं तिथे जन्म काढणाऱ्याचं ऐकावं.

सोमवारी पहाटे साडेपाचला उठलो. जानेवारीतही दुपारी ऊन लागतं, पण पहाटे पायथ्याला बोचरी थंडी असते आणि वर त्याहून जास्त, तेव्हा स्वेटर सामानात बांधून टाकू नका. सामान बसमध्ये भरून बस प्रकाशाला पाठवली. ड्रायव्हरदादांना दिवसभर झोप मिळावी हाही त्यात हेतू होता. साडेसहाला निघायचं होतं, निघालो सात वाजता, कारण गावातल्या बायका निरोप द्यायला आल्या आणि प्रत्येकीनं सिस्टरांचा हात हातात घेतला. शिबिरात त्यांनी कितीजणींची तपासणी केली होती आणि कितीजणींचं नुसतं ऐकून घेतलं होतं. क्रूझरचा ड्रायव्हर शेवटी म्हणाला, ‘‘आते चाला, उशीर व्हई जाई.’’

म्हसावदच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अर्धा तास गेला. कारखान्याचा हंगाम होता. त्या वेळेचा हिशेब आखणीत धरा. म्हसावदच्या पुढे केळी आणि ऊस मागे पडतो, सागाचं रान सुरू होतं आणि मोबाइलची रेंज जाते. घाट सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं गाड्या थांबवल्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघतानाच घेतली होती, तरी दोन मुलींना उलट्या झाल्याच. त्यांना पुढच्या सीटवर घेतलं, आवळासुपारी दिली. वळणांमागून वळणं येतात, दरवेळी वाटतं आता आलंच, आणि आणखी एक चढ समोर उभा राहतो.

वर पोचल्यावर यशवंत तलाव दिसला तेव्हा गाडीतलं सगळं बोलणं थांबलं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, चारी बाजूंनी डोंगर, आणि मध्ये एवढं मोठं शांत पाणी. खानदेश म्हणजे ऊन, कापूस आणि केळी असं ज्यांच्या मनात होतं, ती नगरची मुलं काठावर जाऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी बायबलमधलं एकशे एकविसावं स्तोत्र तोंडपाठ म्हटलं, ‘मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो’ हे पहिलंच वाक्य. मोठ्यानं नाही, बाजूला उभ्या असलेल्या चार-पाच जणांना ऐकू येईल एवढंच.

पुढची वाट मावशींनी दाखवली. शिबिरभर त्या चुलीपुढे होत्या, कुणाशी फार बोलल्या नव्हत्या. इथे गाडीतून उतरल्या आणि पुढे चालू लागल्या. त्यांच्या नणंदेचं घर तोरणमाळला आहे. लहानपणापासून त्या पायवाटेनं वर-खाली करत आल्या आहेत. सीताफळं कधी उतरतात, चारोळी कुठे मिळते, कुठल्या बाजूनं चाललं की सिस्टरांच्या गुडघ्याला त्रास होणार नाही, सगळं त्यांना माहीत. आमच्याशी मराठीत, क्रूझरवाल्याशी अहिराणीत आणि नणंदेशी पावरीत, म्हणजे इथल्या आदिवासींच्या बोलीत, बोलत होत्या.

सीताखाई बघायला गेलो. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो, जानेवारीत मात्र पाणी नसतं. फोटो बघून धबधब्याच्या आशेनं जाल तर निराश व्हाल. पण कोरड्या खाईत काळ्या खडकाचे थर स्पष्ट मोजता येतात, एकावर एक, लाव्हाच्या प्रत्येक वेळच्या प्रवाहाचा एक. आमच्याबरोबर भूगोल शिकवणारी एक मुलगी होती, तिनं दहा मिनिटांत जे सांगितलं ते मला शाळेत कधी समजलं नव्हतं. मुलांना कड्याच्या टोकाशी जाऊ देऊ नका, सेल्फीसाठी तर अजिबात नाही. प्रत्येक गाडीवर एक जबाबदार माणूस नेमला होता आणि दर थांब्याला तो आपली नऊ माणसं मोजायचा.

गोरक्षनाथांच्या देवळात जायचं की नाही यावर आमच्यात आधी बोलणं झालं होतं. ज्यांना जायचं नव्हतं ते बाहेर झाडाखाली थांबले, ज्यांना बघायचं होतं ते चपला काढून आत जाऊन आले. मी आत गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी कुठून आलात म्हणून विचारलं, नगर म्हटल्यावर ‘‘आमच्या नाथांची समाधी तुमच्याकडे, मढीला’’ म्हणाले. खरंच, कानिफनाथांची मढी पाथर्डी तालुक्यात, आमच्याच जिल्ह्यात. एवढ्या लांब आमच्या जिल्ह्याची ओळख अशी निघाली.

जेवण मावशींच्या नणंदेकडे. वर खाण्याची सोय मोजकी आहे आणि सत्तावीस माणसांचं ऐनवेळी होत नाही, म्हणून शिधा आम्ही शहाद्यातून आधीच घेऊन दिला होता, अठराशे रुपयांचा. कुडाच्या भिंतींचं घर, शेणानं सारवलेलं मोठं अंगण. उडदाची डाळ, मक्याची भाकरी, लाल मिरचीची चटणी आणि भात. ते कुटुंब ख्रिस्ती नाही. पाळकसाहेबांनी घरधन्याला विचारलं, जेवणाआधी आम्ही देवाचे आभार मानतो, इथे मानले तर चालेल का? तो म्हणाला, ‘‘माना ना, जेवण तर त्यानंच दिलं.’’ दोन वाक्यांची प्रार्थना झाली आणि सगळे जेवायला बसले. निघताना हजार रुपये द्यायला गेलो तर घरची बाई घेईना. शेवटी मावशींनी मध्ये पडून दिले. अशा वेळी पैसे पाहुण्यानं हातात ठेवू नयेत, घरच्याच माणसाकरवी द्यावेत, हे मला त्यांनी नंतर समजावलं.

फोटोंबद्दल इथेच सांगते. अंगणात मुलं होती, त्यांचे फोटो आम्ही घेतले नाहीत. शिबिरातल्या रुग्णांचे, वसतिगृहातल्या मुलांचे फोटो कुणीही कुठेही टाकायचे नाहीत असा दौऱ्याचा नियमच होता. दुसऱ्याच्या लेकराचा, दुसऱ्याच्या आजारपणाचा फोटो आपल्या सेवेचा पुरावा म्हणून वापरणं मला सहन होत नाही. आमच्याकडे सीताखाईचे भरपूर फोटो आहेत, आणि एक मावशींचा, त्यांनी स्वतः ‘काढ’ म्हणून सांगितलेला.

अडीचला उतरायला लागलो, पावणेपाचला प्रकाशा. (चहावाल्याकडे रेंज नसल्यानं वर यूपीआय चाललं नव्हतं. सुट्टे पैसे शहाद्यातच काढून घ्या, दहा-वीसच्या नोटा.) प्रकाशाला तापी आणि गोमाई यांचा संगम आहे, काठावर केदारेश्वर, संगमेश्वरासारखी जुनी देवळं. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आणली. आम्ही घाटावर बसलो. वर्तुळ करून नाही, गाणी म्हणत नाही, नुसते बसलो. काही लोक पिंडदानाचे विधी करत होते, आम्ही त्यांच्यापासून लांब, खालच्या पायऱ्यांवर.

इथेच गावची पाच माणसं परत फिरणार होती. मी निरोपाची तयारी केली होती, दोन शब्द लिहूनही आणले होते. ते वाचायची वेळ आली नाही. दुभाषाचं काम करणाऱ्या तरुणांपैकी एकानं आमच्या मुलांना विचारलं की पुढच्या वेळी आम्ही नगरला आलो तर तुमचं काय दाखवाल? आणि मग पुढचा अर्धा तास किल्ला, मेहेराबाद, शिंगणापूर, भंडारदरा यावर अशी चर्चा रंगली की सहाला निघायचं ते साडेसहाला निघालो. सिस्टरांनी मावशींना आपली शाल दिली. मावशींनी डब्यात बांधून आणलेली चारोळी त्यांच्या पिशवीत टाकली. ‘‘सलाम, सिस्टर.’’ ‘‘सलाम.’’ सिस्टर बसमध्ये बसून रडल्या आणि मीही.

रात्रीचा प्रवास टाळायचा हे आधीच ठरवलं होतं. दिवसभराच्या थकव्यानंतर नगरपर्यंत रात्रभर बस नेण्याचा आग्रह करणारे दोन-तीन जण होते, मंगळवारची रजा वाचली असती म्हणून. कमिटीनं नाही म्हटलं. नंदुरबारमध्ये एका मंडळीच्या सभागृहात मुक्काम केला, गाद्या त्यांच्या, चादरी आमच्या. मंगळवारी सकाळी गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या, लालभडक शेतंच्या शेतं. बस थांबवून सगळ्यांनी मिरची घेतली, सगळे शिंकले, आणि दोंडाईचा, धुळे, मालेगाव, मनमाड करत संध्याकाळी घरी.

हिशेब असा: जमा १५,४०० रुपये. क्रूझर ११,४००, शिधा १,८००, नणंदेच्या घरी १,०००, चहा-नाश्ता ७४०. शिल्लक ४६०. बसचं भाडं आणि मुक्काम मुख्य खर्चात धरलेला, कारण परतीचा प्रवास तसाही करायचाच होता. २ फेब्रुवारीच्या उपासनेनंतर हा कागद सूचनाफलकावर लावला. ४६० रुपयांचं काय करायचं यावर मतं पडली आणि शेवटी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी एक मोठी परात घेऊन गावच्या तरुणांबरोबर पाठवायचं ठरलं. वरचे पैसे सिस्टरांनी घातले. दुभाषाचं काम करणारे ते दोघं तरुण एप्रिलमध्ये आठ दिवस आमच्याकडे येणार होते, त्यांच्यासाठीची पत्रं आणि खोलीची व्यवस्था या वेळी मी जानेवारी संपायच्या आतच सुरू केली.